ब्रिलिंटाचा डोस अर्धा करता येतो का? (अप्पांचा स्टेंट, सात महिने झाले)

मलप्रभाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचे अप्पा, वय ७१, वजन ६१ किलो, खानापूर तालुक्यात शेती. एप्रिलमध्ये अटॅक आला, बेळगावला नेलं, त्याच रात्री अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी धातूची जाळी) घातला. तेव्हापासून गोळ्या अशा: ब्रिलिंटा ९० (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून) सकाळ-संध्याकाळ, इकोस्प्रिन ७५ दुपारी जेवल्यावर, कोलेस्टेरॉलची एक कॅप्सूल रात्री, बीपीची एक आणि ॲसिडिटीची सकाळी उपाशीपोटी एक.

गेल्या बुधवारी भातकापणी चालू होती. नको नको म्हणत असताना विळा घेऊन शेतात उतरले आणि डाव्या करंगळीला लागला. लागला म्हणजे किती, नखाएवढं. एरवी चिमूटभर हळद दाबून पुढच्या पेंढीला हात घालणारा माणूस, पण रक्त थांबेचना. आईनं हळद दाबली ती वाहून गेली, मग टॉवेल गुंडाळून हात वर धरून बांधावर बसवलं, पाऊण तास. टॉवेल पिळायची वेळ आली. मग नीट बघितलं तर दंडावर, मांडीवर जांभळे डाग, कुठं आपटल्याचं त्यांना आठवतही नाही. सकाळी मिश्री लावताना थुंकीत रक्त येतं हे महिनाभर चाललंय म्हणे, आम्हाला सांगितलंच नव्हतं. शिवाय अधनंमधनं दम लागल्यासारखं होतं, तेही चालताना नाही, निवांत बसल्यावर.

गावातला मेडिकलवाला म्हणाला, ब्रिलिंटा अर्धी अर्धी द्या, वय झालंय, एवढा पॉवर झेपत नाही. कोल्हापूरचा मावसभाऊ म्हणतो त्याच्या सासऱ्यांना त्याच कामाची रोज एकच साधी क्लोपिडोग्रेल आहे, ठणठणीत आहेत. डॉक्टरांची तारीख पुढच्या गुरुवारी. तर हा डोस नक्की ठरतो कशावर? वजनावर, वयावर, की सगळ्यांना सरसकट एकच?

डबल_स्टेंट | सोमवार, रात्री ९:५८

अर्धी करू नका. आधी हे वाचा, मग बाकीचं बोलू.

हिंडलगा_एक्सप्रेस | सोमवार, रात्री १०:०५

+१. आणि गुरुवारपर्यंत थांबू नका, उद्या सकाळी डॉक्टरांच्या क्लिनिकला फोन लावा. थुंकीत रक्त हे त्यांना कळायलाच पाहिजे. शौचाला काळं डांबरासारखं होतंय का ते पण विचारा अप्पांना, होत असेल तर फोन बिन सोडा आणि सरळ ॲडमिट करा.

रानवारा | सोमवार, रात्री १०:११

अप्पांच्या हातातला विळा आधी काढून घ्या की ओ. डोस नंतर बघूया.

शहापूरची_माई | सोमवार, रात्री १०:३०

आमच्या ह्यांना पण तीच गोळी होती बाळा. पहिले दोन महिने रात्री अंथरुणावर पडले की उठून बसायचे, म्हणायचे श्वास अपुरा पडतोय. मला वाटलं परत अटॅकच. दोनदा रिक्षा करून रात्री धावलो, दोन्ही वेळा ईसीजी नॉर्मल. मग डॉक्टर म्हणाले ही त्या गोळीचीच सवय, हळूहळू कमी होईल. झाली पण. पण तोवर माझाच बीपी वाढला.

डबल_स्टेंट | सोमवार, रात्री १०:४४

आता निवांत लिहितो. मी टिळकवाडीत राहतो, बँकेतनं रिटायर, नावाप्रमाणे दोन स्टेंट. पहिला २०१५ चा, त्या वेळी नुसत्या स्टेंटचे लाखावर गेले. दुसरा २०१९ चा, तोपर्यंत सरकारनं २०१७ च्या फेब्रुवारीत औषधवाल्या स्टेंटला २९,६०० ची मर्यादा घातली होती, म्हणजे पहिला बसवायची मी जरा घाईच केली म्हणायची.

पहिल्या स्टेंटला मला क्लोपिडोग्रेल ७५ आणि ॲस्पिरिन. दुसऱ्याला टिकाग्रेलर (म्हणजेच ब्रिलिंटा) ९० दोन वेळा आणि ॲस्पिरिन, बरोबर एक वर्ष. वर्षानंतर डॉक्टरांनी एक गोळी बंद केली. माणूस एकच, हृदय एकच, वजन तर दुसऱ्या वेळी चार किलो जास्तच, तरी औषध वेगळं. मी विचारलं असं का, तर म्हणाले पहिल्या वेळी तुम्ही चालत आला होता, दुसऱ्या वेळी स्ट्रेचरवरनं. म्हणजे चालता-फिरता, तपासणीत ब्लॉक निघाला म्हणून घातलेला स्टेंट वेगळा आणि अटॅकमध्ये घातलेला वेगळा. कोल्हापूरच्या सासऱ्यांचा हिशेब अप्पांना लावू नका तो एवढ्याचसाठी.

कोल्हापुरी_पाव्हणा | सोमवार, रात्री ११:०२

कोल्हापूरला उगाच मध्ये ओढू नका राव, आमचे सासरे तांबडा-पांढरा रस्सा ओरपून पण ठणठणीत असत्यात 😀

देवराई | मंगळवार, सकाळी ६:१५

खरं सांगायचं तर रक्त पातळ करणाऱ्या ह्या गोळ्या म्हणजे कंपन्यांचा धंदा आहे. आमच्या आजोबांनी अर्जुनाच्या सालीचा काढा आणि लसूण यावर नव्वदी गाठली. स्टेंट नाही, गोळी नाही. काढा चालू करा, गोळ्या आपोआप सुटतील.

हिंडलगा_एक्सप्रेस | मंगळवार, सकाळी ७:२०

@देवराई, तुमच्या आजोबांना स्टेंट नव्हता हे तुम्हीच लिहिलंय. ज्याला अटॅक नाही, छातीत धातूची जाळी नाही त्याला सहसा ही गोळी लागत नाही, त्यात काढ्याचं काय कौतुक?

माझ्या चुलतभावाची गोष्ट. स्टेंटला चार महिने झाले होते, दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करून या म्हटलं, किती दिवस, कुठल्या, हृदयाच्या डॉक्टरला विचारून का, काही नाही. ह्यानं दोन्ही बंद केल्या. दाढ निघाली, छान झालं. सहाव्या दिवशी पहाटे छातीत. स्टेंटच्या आत गुठळी. वाचला, पण हृदयाचं पंपिंग कायमचं कमी झालं, आता जिना चढताना मधल्या पायरीवर बसतो. नंतर कळलं की साध्या दाढेसाठी सहसा या गोळ्या बंदच करत नाहीत, दाबून धरून टाका घालून रक्त थांबवतात.

औषधवाला_निपाणी | मंगळवार, सकाळी १०:५०

दुकान उघडून बसलोय, गिऱ्हाईक कमी आहे, म्हणून लिहितो. २६ वर्षं या धंद्यात.

१) ब्रिलिंटा अर्धी करून ४५ होते. असा डोस कुठल्या पुस्तकात नाही. ६० ची गोळी वेगळी मिळते, ती साधारण एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पुढं चालू ठेवायचीच असेल तर डॉक्टर लिहितात, आणि तीही दोन वेळाच.

२) धागाकर्त्याला एक प्रश्न. कोलेस्टेरॉलची "कॅप्सूल" लिहिलंय. त्यासाठीच्या एकट्या ॲटोर्वास्टॅटिनची सहसा गोळी येते. कॅप्सूल म्हटलं की माझे कान टवकारतात. त्या पाकिटावर काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचून इथं लिहा. आणि गुडघेदुखी, अंगदुखीला काही घेतात का, तेही अप्पांना नाही, आईंना विचारा.

रानवारा | मंगळवार, सकाळी ११:०४

आईंना विचारा 😀😀 आमच्याकडं पण सीआयडी खातं आईकडंच आहे.

स्टेथो_अनगोळ | मंगळवार, दुपारी २:३५

मी फिजिशियन आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही आणि अप्पांना मी तपासलेलं नाही, तेव्हा हे समजून घेण्यापुरतं धरा.

धाग्यात सगळे डोस डोस म्हणतायत, पण यात तीन प्रश्न एकात एक गुंतलेत. कुठलं औषध, किती मिलिग्रॅम आणि किती महिने. यातला मिलिग्रॅमचा भाग सगळ्यात कमी हलतो.

ॲस्पिरिन घ्या. रक्तातली प्लेटलेट (गुठळी धरणारी पेशी) सात ते दहा दिवस जगते. ॲस्पिरिन तिला एकदा भेटलं की ती मरेपर्यंत बाद. त्यामुळं रोज नव्यानं तयार होणाऱ्या प्लेटलेटपुरतं औषध पुरतं, ७५ मध्ये ते भागतं. जास्त दिलं म्हणून प्लेटलेट जास्त बाद होत नाहीत, पोटाला मात्र जास्त त्रास होतो. २०२१ मध्ये अमेरिकेत १५ हजार लोकांवरचा अभ्यास आला, ८१ विरुद्ध ३२५. पुढच्या अटॅकमध्ये, मृत्यूत फरक दिसला नाही.

क्लोपिडोग्रेल हे पोटात जाताना औषधच नसतं. लिव्हरमधलं एक एन्झाइम त्याचं औषध करतं. आता गंमत अशी की ते एन्झाइम प्रत्येकाचं सारखं चालत नाही, जन्मतःच ठरलेलं असतं. आपल्याकडं, म्हणजे एकंदर दक्षिण आशियाई लोकांत, निम्म्याच्या आसपास लोकांकडं त्याचा मंद चालणारा जनुक एक तरी असतो, आणि थोड्यांकडं दोन्ही मंद. २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं याबद्दल चौकटीतला इशाराच छापायला लावला.

प्रासुग्रेल हे याच जातीचं, मात्र वजन बघणारं औषध. नेहमीचा डोस १०, वजन ६० किलोच्या खाली असेल तर ५, पंचाहत्तरीनंतर शक्यतो टाळतात, आणि पूर्वी लकवा होऊन गेलेला असेल तर देतच नाहीत.

टिकाग्रेलर, म्हणजे तुमची ब्रिलिंटा. हिला लिव्हरची वाट बघावी लागत नाही आणि ती प्लेटलेटला कायमची चिकटत नाही, सुटते. म्हणून दिवसातनं दोनदा. संध्याकाळची चुकवली तर पहाटेपर्यंत पहारा ढिला. दम लागल्यासारखं वाटणं हे हिचं ठरलेलं लक्षण, २००९ च्या मोठ्या अभ्यासात शंभरात तेरा-चौदा जणांना होतं. बहुतेकांचं सौम्य असतं. पण दम म्हणजे गोळीचाच असं घरी बसून ठरवू नका, हृदयाचं पंपिंग आणि फुप्फुस बघूनच ठरवतात.

रानवारा | मंगळवार, दुपारी २:५२

डॉक्टर, मला समजलं ते असं. क्लोपिडोग्रेल म्हणजे भात, लिव्हर म्हणजे गिरणी. भात गिरणीत गेल्याशिवाय तांदूळ नाही. टिकाग्रेलर म्हणजे दुकानातला तयार तांदूळ. बरोबर काय?

स्टेथो_अनगोळ | मंगळवार, दुपारी ३:०१

बरोबर. पुढच्या लेक्चरला वापरणार.

कुमुद_चिकोडी | मंगळवार, दुपारी ३:२०

मग गिरणी मंद असेल तर भात डबल टाकायचा. क्लोपिडोग्रेल १५० द्यायचं. माझ्या दिरांना पहिले काही दिवस दोन दोन गोळ्या दिल्या होत्या.

स्टेथो_अनगोळ | मंगळवार, दुपारी ४:१०

हे अनेकांच्या डोक्यात आलं होतं. रक्त काढून प्लेटलेट किती दबल्या ते मोजायचं आणि कमी दबल्या असतील त्यांना १५० द्यायचं, असा अभ्यास २०११ मध्ये झाला. कागदावर आकडे सुधारले, पण अटॅक, गुठळ्या, मृत्यू यांत ७५ वाल्यांपेक्षा काही फरक पडला नाही. गिरणीच मंद असेल तर दोन पोती नेऊन ठेवली तरी पीठ-तांदूळ तेवढाच. मग औषध बदलतात. सुरुवातीचे काही दिवस जास्त डोस हा प्रकार वेगळा, तसं काही वेळा करतात. स्टेंट घालताना पहिला डोस तर मोठाच असतो, क्लोपिडोग्रेल ३०० ते ६००, टिकाग्रेलर १८०. तो एकदाच.

मलप्रभाकाठ | मंगळवार, रात्री ८:४५

सगळ्यांचे आभार. क्लिनिकला फोन केला, गुरुवारऐवजी उद्याच बोलावलंय. शौचाचं विचारलं, काळं नाही म्हणतात.

@औषधवाला_निपाणी, घरी आल्यावर अप्पांचा गोळ्यांचा डबा उघडला. पितळेचा जुना डबा आहे, पूर्वी आजीचा पानाचा होता, अजून कात-चुन्याचा वास येतो. सगळी पाकिटं कात्रीनं दोन दोन गोळ्यांची तुकडे केलेली, त्यामुळं नाव अर्धं कापलेलं. पलंगावर मांडून जुळवत बसलो. कोलेस्टेरॉलच्या कॅप्सूलवर लिहिलंय इकोस्प्रिन एव्ही ७५. आणि दुसरी साधी इकोस्प्रिन ७५ आहेच.

आणि आईनं सांगितलं, गुडघ्यासाठी कापणी सुरू झाल्यापासून दुकानातनं सुटी गोळी आणून रोज एक घेतात. डायक्लोफिनॅक निघाली. अप्पा म्हणाले, ती हृदयाची नव्हं, गुडघ्याची हाय, म्हणून सांगितली नाही.

औषधवाला_निपाणी | मंगळवार, रात्री ९:०३

वाटलंच होतं.

एव्ही म्हणजे ॲटोर्वास्टॅटिन एवढंच धरतात लोक, पण इकोस्प्रिन म्हणजेच ॲस्पिरिन. त्या कॅप्सूलमध्ये ७५ ॲस्पिरिन आहेच. दुपारची ७५ आणि रात्रीची ७५, झाले १५०. त्यावर डायक्लोफिनॅक, तिनंही रक्तस्राव वाढतो. करंगळीचं रक्त पाऊण तास थांबलं नाही यात नवल काय?

अशी केस महिन्यातनं एखादी तरी बघतो मी. हॉस्पिटलमधनं सुटताना दोन वेगळ्या गोळ्या देतात, नंतर तपासणीत डॉक्टर गोळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून दोन्हींची एक कॅप्सूल लिहितात. चांगल्यासाठीच लिहितात. पण घरी जुनं पाकीट शिल्लक असतं, गावातल्या दुकानातनं तेच नाव सांगून पुन्हा आणलं जातं, आणि दोन्ही चालू. उद्या डबाच घेऊन जा, चिठ्ठी नको.

स्टेथो_अनगोळ | मंगळवार, रात्री ९:२५

निपाणीकरांना सलाम. मी एवढं मोठं लिहिलं आणि कॅप्सूल शब्द माझ्या नजरेतनं सुटला.

यात आणखी एक आहे. टिकाग्रेलरसोबत ॲस्पिरिन रोज १०० च्या वर नको असं त्याच्या माहितीपत्रकातच आहे. २००९ च्या त्याच अभ्यासात अमेरिकेतल्या रुग्णांत टिकाग्रेलरचा फायदा दिसेना, आणि शोधल्यावर सगळ्यात ठळक कारण सापडलं ते हे, की तिथं ॲस्पिरिन ३०० च्या वर द्यायची पद्धत होती. म्हणजे १५० नं रक्तस्राव तर वाढलाच असेल, ब्रिलिंटाची किंमतही पूर्ण वसूल होत नसेल.

आज रात्री फक्त डायक्लोफिनॅक द्यायची नाही. बाकी उद्या डॉक्टर सांगतील तसं.

कोल्हापुरी_पाव्हणा | मंगळवार, रात्री ९:४०

हे ७५, ८१, ३२५ असले चमत्कारिक आकडे कुठनं आले पण? सरळ ५०, १०० का नाही?

औषधवाला_निपाणी | मंगळवार, रात्री ९:५२

जुनं माप ग्रेन. एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅमच्या आसपास, धान्याच्या दाण्यावरनं आलेलं. ॲस्पिरिनची गोळी पाच ग्रेनची, म्हणजे ३२५. लहान मुलांसाठी तिचा चौथा भाग, ८१. आपल्या सोनाराच्या गुंजेसारखंच.

रानवारा | मंगळवार, रात्री ९:५५

म्हणजे हृदयाचं औषध सोनाराच्या काट्यावर. तरीच बिल तसं येतंय.

हिंडलगा_एक्सप्रेस | मंगळवार, रात्री १०:०८

हसण्यावारी नेऊ नका. चूक कुणाची ते सांगा. गावातल्या दुकानदारानं सुटी डायक्लोफिनॅक दिली, वर अर्धी करायचा सल्ला दिला. ह्याला जबाबदार कोण?

औषधवाला_निपाणी | मंगळवार, रात्री १०:२०

दुकानदाराची चूक आहे, मी पाठीशी घालणार नाही. पण गिऱ्हाईक काय म्हणतं तेही ऐका. "अण्णा, ती पिवळी गोळी द्या की ओ, गेल्या वेळची." चिठ्ठी नाही, नाव नाही. मी विचारायला गेलो तर "तुम्ही काय डॉक्टर हाय काय" म्हणून समोरच्या दुकानात जातात. आणि डिस्चार्ज पेपर इंग्लिशमध्ये, गोळी कधी घ्यायची त्याचा शिक्का कन्नडमध्ये, घेणारा मराठी शाळा शिकलेला. माझ्याकडं मी पाकिटावर पेननं सूर्य आणि चांदोबा काढून देतो.

सीमावासी_६५ | मंगळवार, रात्री १०:३१

मुद्द्याचं बोललात! आमच्या कागदावर आमची भाषा नाही हेच तर आम्ही एवढी वर्षं ओरडतोय. महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली तर त्याला पण इथं विरोध. आता तुम्हीच सांगा…

हिंडलगा_एक्सप्रेस | मंगळवार, रात्री १०:३६

त्या योजनेचा कुणी प्रत्यक्ष फायदा घेतलाय का? मिरजेला गेलं तर चालतं का?

संपादक_मंडळ | मंगळवार, रात्री १०:५०

योजनेवर वेगळा धागा काढा, तिथं जोरात बोला. सीमाप्रश्न इथं सुटणार नाही, अप्पांचा दम सुटला तर बघूया.

शहापूरची_माई | बुधवार, सकाळी ८:००

एकादशीला इकोस्प्रिन उपाशीपोटी घेतली तर चालते का? आमचे हे उपवासाच्या दिवशी गोळीच घेत नाहीत, म्हणतात विठ्ठल बघून घेईल.

डबल_स्टेंट | बुधवार, सकाळी ८:१२

माई, साबुदाण्याची खिचडी खाऊन घेऊ द्या. खिचडी चालते तर गोळीनं काय घोडं मारलंय. आमच्या गल्लीतले एक आजोबा आळंदी ते पंढरपूर चालले, खिशात गोळ्यांची डबी घेऊन, एक दिवस चुकवली नाही.

मलप्रभाकाठ | बुधवार, रात्री ९:१५

जाऊन आलो. डबा समोर ठेवल्यावर डॉक्टर पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, एकेक तुकडा उलटा करून बघत होते.

दुपारची साधी इकोस्प्रिन बंद, कॅप्सूल चालू. गुडघ्याची गोळी बंद, फारच दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि शेकायचं. हिमोग्लोबिन केलं, ११.२ आहे, एप्रिलमध्ये १२.६ होतं. इको केला, पंपिंग ठीक. छातीचा एक्स-रे पण ठीक.

मी विचारलं, ब्रिलिंटा कमी करायची का? म्हणाले, "आधी तुमच्या घरातला डोस दुरुस्त करू, मग माझा. दोन्ही एकदम बदलले तर कशानं बरं झालं ते कुणालाच कळणार नाही." तीन आठवड्यांनी परत बोलावलंय.

अप्पांना विचारलं समजलं का, तर म्हणाले, "समजलं. एक गोळी कमी झाली, म्हणजे मी बरा झालो." येताना गाडीत झोपले.

देवराई | बुधवार, रात्री १०:००

पॅरासिटामॉलपेक्षा हळदीचा अर्क असलेल्या कॅप्सूल येतात, गुडघ्याला उत्तम.

स्टेथो_अनगोळ | बुधवार, रात्री १०:१९

भाजीतली हळद-लसूण खुशाल खा. पण अर्काच्या, लसणाच्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल या गोळ्यांसोबत परस्पर सुरू करू नका, त्यांनीही रक्तस्राव वाढू शकतो. अर्जुनाचा काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगून घ्या, लपवून नको. पेशंट लपवतो तीच गोळी नेमकी महाग पडते.

मलप्रभाकाठ | तीन आठवड्यांनी, गुरुवार, रात्री ८:३०

धागा वर काढतोय, बरेच जण व्यनि करून विचारत होते.

अंगावरचे डाग गेले. थुंकीत रक्त दहा-बारा दिवसांतच थांबलं. दम मात्र तसाच, किंबहुना थंडी सुरू झाल्यापासून जास्तच जाणवतोय, रात्री दोनदा उठून ओट्यावर येऊन बसतात. डॉक्टरांनी परत तपासलं, दुसरं काही सापडलं नाही, मग म्हणाले आता हा त्या गोळीचा दम असं धरायला हरकत नाही.

तर ब्रिलिंटा बदलून क्लोपिडोग्रेल ७५ दिलीय, एप्रिलपर्यंत, म्हणजे अटॅकला बारा महिने होईपर्यंत. त्यानंतर दोनातली एक बंद करू म्हणाले. मी इथलं वाचून गेलो होतो म्हणून विचारलं, गिरणी मंद असली तर? हसले. म्हणाले अटॅकनंतरचा पहिला महिनाभर गुठळीची भीती सगळ्यात जास्त, तेव्हा मी जोराचं औषध दिलं, आता आठवा महिना आहे, वय ७१ आहे, एकदा रक्त जाऊन बसलंय, माझा तराजू आता या बाजूला झुकतो. तीन स्टेंट असते, साखर असती, तर जनुकाची तपासणी करूनच बदललं असतं, किंवा बदललंच नसतं.

बदलताना शेवटची ब्रिलिंटा किती वाजता, नवीन पहिली किती वाजता आणि पहिल्या दिवशी किती गोळ्या हे सगळं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. ते इथं टाकत नाही, कुणी तसंच करायला जाईल.

औषधवाला_निपाणी | गुरुवार, रात्री ८:४१

ॲसिडिटीची गोळी कुठली आहे? ओमेप्राझोल असेल तर क्लोपिडोग्रेलसोबत जमत नाही, तेच एन्झाइम अडवून ठेवतं.

मलप्रभाकाठ | गुरुवार, रात्री ८:४८

ओमेप्राझोलच होती, बदलून पॅन्टोप्राझोल दिली. तुमचं नाव सांगितलं नाही, पण निपाणीच्या एका मेडिकलवाल्यानं कॅप्सूल पकडली एवढं सांगितलं. डॉक्टर म्हणाले त्यांना माझ्याकडं कामाला पाठवा.

पितळेचा डबा आईनं परत पानाला घेतला. अप्पांना आता प्लॅस्टिकची सात खणांची डबी आणलीय, त्यावर वार कन्नडमध्ये आहेत, ते म्हणतात मला काय वाचायचंय, डावीकडनं उजवीकडं खात जातो.

रानवारा | गुरुवार, रात्री ८:५५

आणि विळा?

मलप्रभाकाठ | गुरुवार, रात्री ८:५७

माळ्यावर टाकलाय. अप्पा शिडी शोधूलालेत.

औषधवाला_निपाणी | गुरुवार, रात्री ९:०२

सगळं सांगितलंत, मिश्रीचं काही बोलला नाहीत. हृदयाला तीही वाईटच.

मलप्रभाकाठ | गुरुवार, रात्री ९:१०

तुम्ही तरी विचारू नका ओ. निपाणीचीच तंबाखू हाय ती.